पावती देणारी दहशत : सोमालियातील पैसा, याद्या आणि ड्रोन

'जकात' हा शब्द अरबीतून फारसीच्या वाटेने मराठीत आला आणि येता येता त्याचा अर्थ बदलला. मुळात ते मुसलमानांचे धर्मकर्तव्य : वर्षभर शिल्लक राहिलेल्या संपत्तीचा चाळिसावा हिस्सा गरजूंसाठी बाजूला काढणे. आपल्याकडे तो वेशीवर भरायचा कर झाला. 2017 मध्ये जीएसटी येईपर्यंत मुलुंड आणि दहिसरच्या नाक्यांवर मालमोटारींच्या रांगा लागत, त्या या दुसऱ्या अर्थाच्या. दक्षिण सोमालियात शब्दाचे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. तिथे अल-शबाब ही संघटना रस्त्यावर मालमोटार थांबवते, माल पाहून रक्कम ठरवते आणि ती वसूल करून रीतसर पावती देते. शेतकऱ्याकडून पिकाचा, धनगराकडून उंट-शेळ्यांचा, व्यापाऱ्याकडून वार्षिक नफ्याचा हिस्सा जकात म्हणून घेते. एकदा पावती हातात आली की पुढच्या नाक्यांवर ती दाखवून निघता येते, असे सोमाली मोटारचालक सांगतात. सरकारी सैनिकांच्या आणि टोळ्यांच्या नाक्यांवर मात्र दर ठिकाणी खिशात नव्याने हात घालावा लागतो.

मी आयुष्यातली बरीच वर्षे एका बँकेच्या परकीय चलन विभागात काढली. त्यामुळे दहशतवादावरचे काही वाचताना माझे लक्ष बॉम्बच्या आधी वहीकडे जाते. 11 सप्टेंबर 2001 नंतर अमेरिकेने दहशतवादाविरुद्ध दोन हत्यारे जोमाने वापरायला सुरुवात केली. एक कागदाचे, म्हणजे यादी : तिच्यात नाव आले की जगभरातली खाती गोठतात. दुसरे आकाशातले, म्हणजे ड्रोन. दोन्ही हत्यारे नावे शोधतात. एक खात्यावरचे, दुसरे मोटारीत बसलेल्या माणसाचे. सोमालियात ही दोन्ही चालवून झाली आहेत, अजून चालू आहेत, आणि जिच्याविरुद्ध ती चालली ती संघटना नाक्यावर पावत्या फाडतेच आहे. हे असे का झाले याचा माग मी गेली काही वर्षे अहवालांतून आणि निकालपत्रांतून काढतो आहे.

सुरुवात एका पेढीपासून करावी लागते.

1991 च्या जानेवारीत सियाद बर्रे राजधानी मोगादिशूतून पळाला आणि सोमालियात सरकार नावाची गोष्टच उरली नाही. मध्यवर्ती बँक गेली, व्यापारी बँका गेल्या. लाखो लोक देशाबाहेर पडले : केनियात, आखातात, लंडनला, स्वीडनमध्ये, अमेरिकेतल्या मिनियापोलिसला. ते घरी पैसे पाठवणार कसे? तर हवाल्याने. मराठी वाचकाला ही पद्धत समजावून सांगायला नको. पुण्याहून उत्तरेतल्या फौजांना पैसा पोचायचा तो सावकारांच्या हुंड्यांवर. नाणी लादलेले उंट दरवेळी कुणी चंबळेपलीकडे हाकत नसे. सोमाली हवालाही तसाच. मिनियापोलिसमधल्या दुकानात कुणी 200 डॉलर भरायचे, दुकानदाराने निरोप द्यायचा, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सोमालियातल्या गावात त्याच्या आईच्या हातात पैसे पडायचे. पेढ्यांचा आपसांतला हिशेब मागाहून दुबईत मिटायचा. पाठवणारा कोण, हे त्याचे कुळ आणि गाव विचारून ठरे. माझ्या बँकेतल्या ओळखपत्राच्या छायाप्रतीपेक्षा ती ओळख पुष्कळ पक्की होती, असे मला वाटते.

या पेढ्यांतली सर्वांत मोठी 'अल-बरकात'. अहमद नूर अली जिमाले या माजी बँक कर्मचाऱ्याने ती उभारली. तिच्या शाखा 40 देशांत होत्या, आणि देशातली दूरध्वनी सेवाही तिच्याकडे होती. 7 नोव्हेंबर 2001 रोजी, वॉशिंग्टन-न्यूयॉर्कवरच्या हल्ल्याला दोन महिने पुरे होण्याआधी, राष्ट्राध्यक्ष बुश यांनी अल-बरकात ओसामा बिन लादेनला पैसा पुरवते असे जाहीर केले. त्याच दिवशी अमेरिकी शहरांतल्या तिच्या कार्यालयांवर छापे पडले. दोन दिवसांत संयुक्त राष्ट्रांच्या यादीतही तिचे नाव चढले. पैसे गोठले, दूरध्वनीचे परदेशी दुवे तुटले. दुष्काळाचे वर्ष होते ते.

पुढे काय निघाले? अकरा सप्टेंबरच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाच्या कर्मचाऱ्यांनी 2004 मध्ये दहशतवादाच्या पैशावर स्वतंत्र प्रबंध लिहिला. त्यातले एक अख्खे प्रकरण अल-बरकातवर आहे. एफबीआयचे अधिकारी अमिरातीत गेले, तिथल्या पेढीची कागदपत्रे त्यांनी तपासली, आणि अल-कायदाशी संबंध दाखवणारा पुरावा त्यांना सापडला नाही. दहशतवादाला पैसा पुरवल्याचा एकही खटला अल-बरकातवर उभा राहिला नाही. उलट त्याच प्रबंधात हेही आहे की त्या हल्ल्यांना एकूण 4 ते 5 लाख डॉलर खर्च आला आणि अपहरणकर्त्यांचा अमेरिकेतला पैसा हवाल्याने आलाच नव्हता. तो साध्या बँक खात्यांतून, वायर ट्रान्सफरने, आमच्यासारख्याच टेबलांवरून गेला होता.

स्वीडनमधल्या सोमाली वंशाच्या तीन नागरिकांची नावेही यादीत होती. स्टॉकहोमच्या उपनगरातली त्यांची संस्था आणि त्यांची खाती गोठली. आरोप कोणता, पुरावा कोणता, हे त्यांना कुणी सांगेना, कारण यादीला आरोपपत्र लागत नाही. त्यांच्यासाठी स्वीडनच्या लोकांनी वर्गणी गोळा केली. दोघांची नावे 2002 मध्ये निघाली. संस्थेचा खटला युरोपीय न्यायालयात गेला आणि 3 सप्टेंबर 2008 रोजी निकाल आला : सुरक्षा परिषदेची यादी असली, तरी बाजू मांडू न देता कुणाची मालमत्ता गोठवता येणार नाही. 'कादी आणि अल बरकात' या नावाने तो निकाल आता कायद्याच्या वर्गात शिकवला जातो. जिमाले यांचे नाव 2012 च्या फेब्रुवारीत अल-कायदाच्या यादीतून निघाले, त्याच महिन्यात सोमालियावरच्या दुसऱ्या यादीत चढले आणि 2014 मध्ये तिथूनही निघाले.

या यादीशी आमचाही संबंध येई. नाव जुळले की संगणक व्यवहार थांबवी. अरबी नावे रोमन लिपीत पाच-सहा तऱ्हांनी लिहिली जातात, त्यामुळे जुळणाऱ्या नावांना तोटा नसे. त्या थांबलेल्या व्यवहारांतला बहुतेक पैसा कुणाच्या फीचा, कुणाच्या औषधांचा असे. तपासणी व्हायलाच हवी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण ज्याचा पैसा अडला त्याने दाद कुठे मागायची, हा रकाना त्या पडद्यावर नसायचा.

*

अल-बरकात बुडाली तेव्हा अल-शबाब जन्मालाही आली नव्हती, हे इथे ध्यानात ठेवायला हवे. 2006 मध्ये 'इस्लामी न्यायालयां'च्या आघाडीने मोगादिशू जिंकले. वर्षाअखेर इथिओपियाच्या फौजांनी, अमेरिकेच्या पाठिंब्याने, ती आघाडी मोडली. तिच्यातला सर्वांत कडवा तरुण गट परकीय फौजेविरुद्ध लढता लढता मोठा झाला. 'शबाब' म्हणजे तरुणच. 2008 मध्ये अमेरिकेने त्याला दहशतवादी संघटना ठरवले. तो किती क्रूर आहे हे 21 सप्टेंबर 2013 ला नैरोबीतल्या वेस्टगेट मॉलमध्ये जगाने पाहिले. 67 माणसे मारली गेली, त्यांत भारतीय वंशाची कुटुंबेही होती. दीड वर्षाने गारिसाच्या विद्यापीठात 148 बळी गेले, बहुतेक विद्यार्थी.

संघटना यादीत गेल्याचा एक परिणाम कुणी मोजला नव्हता. तिच्या मुलखात धान्य पोचवायचे तर नाक्यावर पैसे द्यावे लागणार, आणि ते दिले तर अमेरिकी कायद्याने तो दहशतवादाला साहाय्य करण्याचा गुन्हा. अमेरिकी मदत 2008 नंतर झपाट्याने आटली. अल-शबाबचाही दोष कमी नाही. 2010 च्या आरंभी तिने जागतिक अन्न कार्यक्रमाला आपल्या मुलखातून हाकलले. मग दोन पावसाळे कोरडे गेले. 20 जुलै 2011 रोजी संयुक्त राष्ट्रांनी दुर्भिक्ष जाहीर केले, आणि ऑगस्टमध्ये अमेरिकेने मदतसंस्थांवर खटले भरणार नाही असे सांगितले. तोवर माणसे रस्त्याकडेला मरत होती. मागाहून झालेल्या अभ्यासात ऑक्टोबर 2010 ते एप्रिल 2012 या काळातल्या बळींचा अंदाज 2 लाख 58 हजार निघाला, त्यांतली निम्म्याहून जास्त पाच वर्षांखालची मुले. दहशतवाद्यांच्या हाती पैसा पडू नये या काळजीची ही किंमत एकट्या त्या काळजीची नाही. पण हिशेब मांडताना ती वहीबाहेर ठेवता येणार नाही.

पैसा पाठवण्याच्या वाटाही याच सुमारास अरुंद झाल्या. मिनेसोटातल्या दोन सोमाली स्त्रियांवर अल-शबाबला सुमारे 8600 डॉलर पाठवल्याचा गुन्हा सिद्ध झाला, आणि त्या वर्षाअखेर तिथल्या, सोमाली पेढ्यांशी व्यवहार करणाऱ्या बँकेने ते व्यवहार बंद केले. 2013 मध्ये ब्रिटनच्या बार्कलेज बँकेने पेढ्यांची खाती बंद करायचे ठरवले. 'दहबशील' ही सर्वांत मोठी उरलेली पेढी कोर्टात गेली. ऑलिंपिक धावपटू मो फारा यानेही लोकांच्या बाजूने आवाज उठवला. बँकांचे गणित साधे होते. 2012 मध्ये मेक्सिकोतल्या मादक पदार्थांच्या पैशावरून एचएसबीसीला 1.9 अब्ज डॉलरचा दंड झाला होता. सोमाली पेढ्यांकडून मिळणारे कमिशन ते किती, आणि त्यासाठी मान कुणी अडकवायची? पेढी बंद झाली म्हणून मुलगा आईला पैसे पाठवायचा थांबत नाही. तो कुणा जाणाऱ्याच्या बॅगेत रोख नोटा देतो, आणि तपास यंत्रणेला दिसू शकणारा व्यवहार दिसेनासा होतो.

*

बाहेर एकेका डॉलरचा असा माग चालू असताना अल-शबाब पैसा घरातच उभा करत होती. आधी कोळसा. दक्षिण सोमालियातली बाभळीची जंगले तोडून कोळसा पाडायचा, किसमायो बंदरातून आखातात धाडायचा, तिथे तो हुक्क्यांत आणि मांस भाजण्याच्या शेगड्यांत जळायचा. 22 फेब्रुवारी 2012 रोजी सुरक्षा परिषदेने या निर्यातीवर बंदी घातली. सप्टेंबरअखेर केनियाच्या फौजांनी किसमायोतून अल-शबाबला हुसकावले. बंदरात कोळशाच्या पोत्यांच्या राशी पडलेल्या होत्या. पुढच्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या निरीक्षक गटाने लिहिले की निर्यात थांबलेली नाही. बंदर नव्या धन्यांच्या हाती आहे आणि अल-शबाबचा वाटा तिला मिळतोच आहे. नंतर पोती दुसऱ्या देशांच्या खोट्या दाखल्यांवर जाऊ लागली. काही इराणात नव्याने भरून 'इराणचा माल' म्हणून आखातात शिरली. या बंदीच्या अंमलबजावणीत सगळ्यांनीच थोडेथोडे खाल्ले, असे ते अहवाल वाचून माझे मत झाले आहे.

कोळशापेक्षा नाका मोठा ठरला. कोळशाला जहाज लागते, बंदर लागते, आखातातला गिऱ्हाईक लागतो. नाक्याला एक झाड, एक दोरी आणि चार बंदुका पुरतात. निरीक्षक गटाच्या 2018 च्या अहवालात एकाच नाक्याचे वार्षिक उत्पन्न सुमारे 1 कोटी डॉलर धरलेले आहे. वसुली आता संघटनेच्या मुलखापुरतीही उरली नव्हती. मोगादिशूत, सरकारच्या नाकाखाली, बंदरात उतरणाऱ्या मालावर, बांधकामावर, घराच्या व्यवहारावर ती पैसे मागते. न देणाऱ्याला फोन येतो. त्याच्या मालाची बारीकसारीक माहिती फोनवरच्या माणसाला असते. देश आता मोबाईलवरून पैसे फिरवतो. जागतिक बँकेच्या पाहणीत दहापैकी सात जण मोबाईल पैसा वापरताना आढळले. मग नाक्यावर रोख ठेवायचीही गरज राहिली नाही.

लोक निव्वळ भीतीने पैसे देतात का? भीती आहेच. पण जमिनीचा तंटा झाला तर मोगादिशूतले लोकसुद्धा अल-शबाबच्या न्यायालयात जातात, कारण तिथे लाच लागत नाही आणि निकालाची अंमलबजावणी होते. न्याय, कर आणि पावती ही राज्याची तीन कामे आहेत. ती एक खुनशी संघटना करते आणि मान्यताप्राप्त सरकार करू शकत नाही, ही सोमालियाची खरी अडचण.

यादी हे हत्यारच बोथट आहे, असे मात्र मी म्हणणार नाही. मुंबईवरच्या हल्ल्याला अकरा वर्षे होऊन गेली तरी पाकिस्तानात हाफिज सईदला शिक्षा झालेली नव्हती. 2018 च्या जूनमध्ये पैशाच्या व्यवहारांवर देखरेख करणाऱ्या एफएटीएफने पाकिस्तानला करड्या यादीत टाकले; परदेशी कर्जाची चणचण असलेल्या सरकारला ते झोंबले; आणि 2020 च्या फेब्रुवारीत लाहोरच्या न्यायालयाने सईदला शिक्षा सुनावली, ती दहशतवादाला पैसा पुरवल्याबद्दल. 26/11 बद्दल नव्हे, ही खंत आहेच. पण तिथे कान पिळायला एक राज्य होते, त्याच्याकडे तुरुंग होते, गमावण्यासारखी पत होती. मोगादिशूत कान कुणाचा पिळणार?

*

आता आकाशातले हत्यार. शेजारच्या जिबूतीत कॅम्प लेमोनिए हा अमेरिकेचा तळ आहे. 2013 मध्ये ड्रोन तिथून जवळच्या शाबेली धावपट्टीवर हलवले गेले. सोमालियातला पहिला ड्रोन हल्ला जून 2011 मधला. 1 सप्टेंबर 2014 रोजी ड्रोन आणि विमानांनी मिळून अल-शबाबचा प्रमुख अहमद अब्दी गोदाने याला मारले. लष्करी भाषेत हे मोठे यश होते. आठवड्याच्या आत अहमद दिरिये हा नवा प्रमुख जाहीर झाला. मार्च 2016 मध्ये रासो इथल्या प्रशिक्षण छावणीवरच्या एकाच हल्ल्यात दीडशेच्या वर लढवय्ये मारल्याचे अमेरिकेने सांगितले. 2017 मध्ये ट्रम्प सरकारने हल्ल्यांचे नियम सैल केले आणि 2019 मध्ये हल्ल्यांची संख्या साठीच्या पुढे गेली.

या हल्ल्यांत साधी माणसे मरत नाहीत, असे अमेरिकेचे आफ्रिका मुख्यालय वर्षानुवर्षे सांगत होते. मार्च 2019 मध्ये ॲम्नेस्टीने लोअर शबेले भागातल्या पाच हल्ल्यांचा अहवाल काढला. दोन आठवड्यांनी, 5 एप्रिलला, मुख्यालयाने प्रथमच कबूल केले की वर्षापूर्वी एल बूरजवळ एक स्त्री आणि एक मूल मारले गेले होते. ही नोंद आपल्याच दप्तरात होती, वर पोचली नव्हती, असा त्यांचा खुलासा. बँकेत एवढी नोंद वर्षभर 'वर पोचली नाही' तर लेखापरीक्षक कुणालाही सोडणार नाही. मुलाच्या घरच्यांना मात्र दाद मागायला स्टॉकहोमच्या संस्थेसारखे न्यायालयही नाही. यादीतून नाव खोडता तरी येते.

ड्रोन अचूक असतो हे खरे आहे, पण तो अचूक असतो तो नेम धरण्यात. नेम कुणावर धरायचा हे खबऱ्याच्या फोनवर आणि वरून दिसणाऱ्या हालचालींवर ठरते. आता हा अमेरिकेपुरता प्रश्नही राहिलेला नाही. तुर्कस्तानचे बायरक्तार ड्रोन सोमाली सरकारला मिळाले आहेत. 18 मार्च 2024 रोजी लोअर शबेलेतल्या एका शेतावर झालेल्या त्यांच्या हल्ल्यांत 23 नागरिक मारले गेले, त्यांत 14 मुले, असे ॲम्नेस्टीने नोंदवले आहे.

1 ऑक्टोबर 2022 च्या ड्रोन हल्ल्यात अब्दुल्लाही नादिर मारला गेला. त्याच्यावर अमेरिकेचे 30 लाख डॉलरचे इनाम होते, आणि सोमाली सरकारच्या म्हणण्याप्रमाणे तो संघटनेच्या पैशाचा कारभार पाहत होता. म्हणजे दोन्ही हत्यारांचा नेम एकाच माणसावर लागला. खजिनदार गेला; नाके मात्र चालूच राहिले. हिशेब एका माणसाच्या डोक्यात असता तर तो बुडाला असता. इथे तो वह्यांत होता, कार्यालयांत होता, पावतीपुस्तकांत होता.

नाक्याला धक्का बसला तो त्याच वर्षी, आणि अगदी वेगळ्या हातांनी. 2022 मध्ये ओळीने चौथा पावसाळा कोरडा गेला होता. मध्य सोमालियातल्या हिरान भागात जनावरे मरत होती आणि अल-शबाब जकात सोडत नव्हती. मुलगे लढायला मागत होती, विहिरी उडवत होती. तिथल्या धनगर टोळ्यांनी बंदुका उचलल्या. त्यांना 'मअविस्ले' म्हणतात, म्हणजे लुंगीवाले. 'मअविस' ही तिथली कमरेला गुंडाळायची लुंगी. सप्टेंबरच्या आरंभी अल-शबाबने अन्नधान्याच्या मोटारी जाळून वीसेक माणसे मारली, तेव्हा उठाव आणखी पेटला. नव्याने निवडून आलेले राष्ट्राध्यक्ष हसन शेख मोहमूद यांनी सैन्य त्यांच्या पाठीशी घातले, वरून ड्रोनची मदत मिळाली, आणि काही महिन्यांत वर्षानुवर्षांचा मुलूख मोकळा झाला. ऑक्टोबरमध्ये सरकारने व्यापाऱ्यांना बजावले : अल-शबाबला पैसे द्याल तर परवाना जाईल. संशयित बँक आणि मोबाईल खातीही बंद केली गेली. 29 ऑक्टोबरला मोगादिशूच्या झोबे चौकात दोन मोटारबॉम्ब फुटले, शंभरावर माणसे मेली. व्यापाऱ्यांनी त्याचा अर्थ आपापल्या परीने लावला.

लुंगीवाले जिथे घरचे होते तिथवर उठाव चालला. दक्षिणेत कुळे वेगळी, जुनी वैरे वेगळी. मोकळ्या केलेल्या गावांत न्यायाधीश, पोलीस, पावती देणारा कारकून पाठवायला सरकारकडे माणसे नव्हती. शाळा-दवाखान्यांचे तर नावच नको. 2023 च्या उत्तरार्धात मोहीम थंडावली. मार्च 2024 मध्ये अमेरिकेच्या अर्थखात्याने अल-शबाबशी संबंधित म्हणून आणखी काही व्यापाऱ्यांना आणि कंपन्यांना यादीत टाकले, तेव्हा संघटनेचे वार्षिक उत्पन्न 10 कोटी डॉलरहून जास्त असल्याचे नमूद केले. डिसेंबर 2022 मध्ये सरकारने जिंकलेले अदान याबाल हे गाव एप्रिल 2025 मध्ये अल-शबाबने परत घेतले. त्या वर्षी अमेरिकेचे हवाई हल्ले पुन्हा वाढले आहेत. मध्य शबेलेच्या रस्त्यांवर धान्य नेणाऱ्या मोटारचालकाला कुठल्या नाक्यावर कोण उभे असेल, हे निघण्याआधी विचारून घ्यावे लागते.